कसोटीवर घासलेला कप

मातीच्या कपांवरच्या झिलईत मी केळीच्या वाळलेल्या खांबांची राख मिसळत होते. राखेचं प्रमाण बदललं की रंग बदलायचा. कधी शेवाळी, कधी नुसता चिखल. सतराव्या भट्टीत एकदाचा मधासारखा पिवळा उतरला. जळगावच्या एका सराफाला दुकानात सोनेरी कप हवे होते, म्हणून मी तो त्याच्यापुढे ठेवला. त्या शहाण्याने तो सरळ कसोटीच्या दगडावर घासला!

"ताई, यात सोनं नाही."

"केळीची राख आहे, शेठ."

राख म्हटल्यावर शेठ तोंड वाकडं करून हात धुवायला उठले. मागे नोकर दुकानातला केर झाडून डब्यात भरत होता. सोन्याच्या कणांसाठी तो केर रोज कुलपात ठेवतात.