रेखाची गोष्ट मी अडवली

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. आज सांगते. तुम्ही मध्येच उठून गेलात तरी माझी हरकत नाही — मीही इतकी वर्षं या विषयावरून उठून जातच होते.

आधी माझं थोडं कौतुक ऐकून घ्या. हो, कौतुकच. त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. वर्ध्याला सिंदी मेघेत माझं घर आहे. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त झालेय. दर रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत लिहिणाऱ्यांची बैठक भरते. कुणी घर सांभाळून लिहिणारी, कुणी बँकेतला, कुणी शेती करून कविता करणारा. लिहिलेलं आणायचं, मोठ्यानं वाचायचं, चहाबरोबर वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं खायची आणि आपापल्या घरी जायचं. आणि माझी ख्याती काय? बाई फार धीर देतात. बाईंकडे गेलं की हात लिहिता होतो.

ते खोटंही नाही. मी धीर देतेच. पहिला खर्डा वाईटच असतो, हे मी किती जणांना सांगितलं असेल! वाईट लिहा, पण पूर्ण लिहा. दर दोन ओळींनी मागं वळून खोडत बसू नका. सारखं झाकण काढून बघितलं तर भात शिजत नाही. अडलात तर पहिलं पान बाजूला ठेवा, बऱ्याच गोष्टी खरं म्हणजे दुसऱ्या पानावर सुरू होतात. लिहून झालं की मोठ्यानं वाचा, जीभ अडखळेल तिथं काहीतरी बिनसलेलं असतं. आणि काही झालं तरी जुना खर्डा फाडू नका. यातलं एक अक्षरही मी आज मागं घेत नाही. सल्ला चांगलाच आहे. वाईट सल्ला देऊन मी कुणाचं वाकडं केलं असतं तर निदान पकडली तरी गेले असते.

आमच्या बैठकीची एक रीत आहे, मीच पाडलेली. एखादी गोष्ट पूर्ण झाली, आता दिवाळी अंकाकडे पाठवायला हरकत नाही, असं वाटलं की मी म्हणायचं — झाली. बस, एवढंच. माझं ‘झाली’ येईपर्यंत कुणी काही बाहेर पाठवायचं नाही. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडल्याचंही मला आठवत नाही. मी या बाबतीत मोठी उदार. नालवाडीचे वामनराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, मातीला छाती आणि शेताला हेताचं यमक जुळवणारे. त्यांच्या प्रत्येक कवितेला मी ‘झाली’ म्हटलंय. अगदी प्रत्येक! काय जात होतं माझं? त्यांच्या कवितेनं माझी झोप थोडीच उडणार होती?

मग रेखा आली.

रेखा सिंदी रेल्वेची. ही सिंदी वेगळी — आमची सिंदी मेघे म्हणजे वर्ध्याला चिकटलेली वस्ती, आणि तिची सिंदी म्हणजे गाडीनं जावं लागतं ते कापसाचं गाव. तिथं पोस्टात ती कारकून. आठवडाभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारायचे आणि रविवारी गाडी पकडून आमच्याकडे यायचं. सुरुवातीला नुसती ऐकत बसायची. कितीतरी रविवार तिनं तोंड उघडलं नाही. मीच मागं लागले, लिही, लिही म्हणून. म्हणजे बघा, सुरुवात मी केली होती ती चांगल्याच मनानं.

मे महिना होता. आमच्या कुलरचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कुणी वाचायला घेतलं की तो बंद करावा लागतो. मग वर्ध्याचं ऊन आणि बंद कुलर! वाचणारा दुसऱ्या पानावर जाईपर्यंत वामनराव रुमालानं मान पुसत म्हणणारच, ‘लावा ना वो आता.’ गोष्ट कशी आहे ते आम्हाला त्यावरूनच कळायचं. रेखानं त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. छोटीच गोष्ट. एक बाई जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, कामाला जाते. संध्याकाळी घरी आली की तिची लहान मुलगी तिच्या केसांतला कापूस वेचून काढते. तो त्या दोघींचा खेळच आहे, रोजचा. मग एक दिवस आई लवकर घरी येते. मुलगी नेहमीसारखी मागं जाऊन बसते, केस मोकळे करते, आणि केसांत कापूस नसतो. संपली गोष्ट. काम सुटलं, आता कसं होणार, यातलं एक अक्षर नाही.

वाचून झाल्यावर कुलर बंदच राहिला. कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत गेला तरी मी हलले नाही. मला एकच शब्द म्हणायचा होता. तोंडात आला होता तो.

आणि मी म्हटलं, ‘छान आहे. अजून एकदा लिहून आण.’

आता मला सांगा, यात गैर काय? लिहिणाऱ्याला कुणीही हेच सांगेल, नाही का? पुन्हा लिहा, पुन्हा लिहा — सगळेच सांगतात. मी तिला म्हटलं, त्या मुलीला काय वाटलं ते जरा उलगडून लिही. तिनं लिहिलं. मग म्हटलं, सुरुवातीला गाव येऊ दे, जिनिंग येऊ दे, वाचकाला कळायला हवं. तिनं गाव आणलं. मग आईच्या तोंडी एक भाषण आलं, मग एक मुकादम आला. गोष्ट फुगत गेली. आणि दर वेळी ती माझ्याकडे अशी बघायची की आज तरी बाई म्हणतील. दर वेळी मी मान हलवून म्हणायचे, जवळ आलीस हं, अजून थोडं. दिवाळी आली आणि गेली. अंक निघाले, त्यांत वामनरावांची कविता होती. पुढच्या उन्हाळ्यात रेखानं आणलेला खर्डा मी ऐकला आणि मला कळलं, मेली ही गोष्ट. आता हिच्यात जीव नाही. मला वाईट वाटायला हवं होतं ना? मला हायसं वाटलं.

चहा घेताना ती मला हळूच म्हणाली, ‘मले वाटते बाई, मले हे जमत नाई. मी आपली पोस्टातच बरी.’ पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वामनराव विचारायचे, रेखा काऊन येत नाई म्हणून. मी म्हणायचे, नोकरीवाली मुलगी, नसेल जमत. एक लिहिती बाई माझ्या डोळ्यांसमोर लिहिणं सोडत होती आणि एका शब्दानं मी तिला थांबवू शकले असते. तो शब्द मी काढला नाही.

का? तर ऐका. माझी एक कादंबरी आहे. कपाटात आहे, अनेक वर्षांपासून आहे. तिचे तुकडे मी बैठकीत वाचलेत, आणि माझ्या वाचनात कुलर लावा म्हणाले नाहीत ते फक्त माझ्या मानापायी, हे मला पक्कं माहीत होतं. अंकांकडून माझ्या कथा साभार परत यायच्या. मी आयुष्यभर मराठी शिकवली, माझ्या माहेरी पुस्तकांचं कपाट होतं. आणि ही बुद्धविहाराच्या वाचनालयात बसून वाचलेली पोरगी पहिल्याच फटक्यात — हिला कुठून आलं हे? असंच आलं होतं माझ्या मनात. हिला. त्या ‘हिला’त नुसता लिहिण्याचा हेवा नव्हता. आणखी काय काय होतं ते आज सोलून बघते तेव्हा माझीच मला शरम वाटते. मला वाटायचं मी जात बघणाऱ्यांतली नाही. होते.

पण रेखा कायमची गेली नाही, बघा! इथून पुढचं सांगताना माझा आवाज आपोआप चढतो, कारण पुढचं सगळं तिचं आहे.

दर जानेवारीत एका रविवारी आम्ही कच्चे खर्डे वाचतो. नव्या लोकांची भीड चेपावी म्हणून ही रीतही मीच काढलेली. प्रत्येकानं आपला सगळ्यात जुना, सगळ्यात कच्चा खर्डा आणायचा, वाचायचा, आणि सगळ्यांनी पोटभर हसायचं. वामनरावांनी रेखाला परस्पर फोन केला, ‘हसाले तरी येजो.’ ती आली. तिच्या हातात मे महिन्यातले ते पहिले कागद होते. जुना खर्डा फाडू नका, हा माझा सल्ला तिनं पाळला होता. मी तिच्या बाबतीत चुकून केलेलं ते एकमेव पुण्य.

ती हसतच उभी राहिली. आपली फजिती सांगायला उभं राहावं तशी. वाचू लागली, आणि पहिल्या अर्ध्या पानात खोलीतलं हसू थांबलं. शेवटच्या ओळीला बँकेतल्या माणसानं चष्मा काढला. रेखालाच कळेना काय झालं. ती कागदाकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलंय. आणि मग वामनराव — माती-छातीवाले आमचे वामनराव! — खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, ‘झाली.’

माझ्या बैठकीत तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला नव्हता. मागून आणखी कुणी म्हणालं, झाली. मग सगळेच. मग टाळ्या. असा आनंद मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता, आणि मीही टाळ्या वाजवत होते, कारण गोष्ट होतीच तशी, आणि ती जिवंत होती. मी तिला मारू शकले नव्हते.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेखाही.

इथं मला खरं बोलता आलं असतं. मी हसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘मला हेच हवं होतं. मुद्दाम फिरवलं तुला. फिरून फिरून तू इथंच परत यायला हवी होतीस.’

पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी माझ्यासाठी. रेखानं माझे दोन्ही हात धरले आणि रडली. मी ते हात सोडवून घेतले नाहीत.

गोष्ट नागपूरच्या एका दिवाळी अंकात आली, अगदी पहिली कथा म्हणून. सिंदीच्या विहारात तिचं वाचन झालं तेव्हा बायका दारापर्यंत उभ्या होत्या. त्यातल्या निम्म्या जिनिंगमध्ये राबलेल्या. शेवटाला एक म्हातारी आपले केस चाचपून बघत होती. काय ती संध्याकाळ! लेखकाला आयुष्यात यापेक्षा जास्त काय मिळतं? रेखाची आई माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, ‘तुमी होत्या म्हनून झालं, बाई.’ मी म्हटलं, असू द्या हो. खरंच म्हटलं असं.

त्यानंतर रेखाच्या किती गोष्टी आल्या, पुस्तक आलं. पुस्तक मला अर्पण केलंय. आता सिंदीत तिची स्वतःची बैठक भरते. गेल्या महिन्यात तिनं मला बोलावलं. सविता नावाच्या अंगणवाडीतल्या बाईनं पहिल्यांदाच वाचलं, आणि काय वाचलं! ठसठशीत, पूर्ण, कुठं बोट ठेवायला जागा नाही. माझ्या अंगावर काटा आला. आणि रेखा तिला अगदी मायेनं म्हणाली, ‘चांगली हाय. पन अजून एकदा लिहून आनजो. माह्या बाईनं मले असंच घडवलं.’

सविताचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखते, तो मीच एकदा तयार केला होता. माझा हेवा रेखानं शिकवण म्हणून जपून ठेवला होता, आणि तिच्या मनात हेव्याचा कणही नव्हता.

मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘नको. सविता, तू एक शब्द बदलू नकोस. अशीच पाठव.’ सविता एवढी मोठी हसली की बाकीच्या बायकाही हसल्या. रेखा माझ्याकडे बघत राहिली. तिनं काही विचारायच्या आत ‘गाडीची वेळ झाली’ म्हणत मी निघाले. गाडीला अजून वेळ होता.

रेखा, हे मी छापायला देतेय, म्हणजे तू वाचशीलच. छापून आलेलं सगळं तू वाचतेस. तुला मी घडवलं नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारी तू वाचून थांबलीस तेव्हाच तुझी गोष्ट पूर्ण होती, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मला तुझा हेवा वाटला म्हणून मी ती तुझ्याच हातानं बिघडवून घेतली, आणि तू ती परत आणलीस तेव्हा श्रेयही मीच घेतलं. मी सांगितलेलं गाव, मुकादम, आईचं भाषण, सगळं तुझ्या नंतरच्या खर्ड्यांत होतं, आणि त्यातलं काहीच छापलं गेलं नाही. दिवाळी अंकात जी आली, विहारात बायकांनी जी ऐकली, त्या गोष्टीत माझा एकही शब्द नाही.