उताऱ्यातला तलाव

गाईडवर माझा जुना राग आहे. सातवीच्या पोरांना 'माझा जिवलग मित्र' या विषयावर इंग्रजीत पाच ओळी लिहायला सांगितल्या, की सगळ्या वह्यांमधून एकच मित्र बाहेर येतो. तो उंच असतो, गोरा असतो, पहाटे उठतो आणि त्याचे वडील डॉक्टर असतात. करडी गावाच्या बाजूला ज्या खेड्यात मी शिकवते तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, आणि तोही अजून बिनलग्नाचा आहे. हा मित्र राहतो तरी कुठे, असं मी एकदा वर्गाला विचारलं. सगळे हसले, पण पुढच्या चाचणीत तो पुन्हा हजर झाला.

शेवटी गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या चाचणीच्या वेळी मी ठरवलं, की यंदा वाचनाचा उतारा मी स्वतः लिहीन आणि तो या गावाबद्दलच असेल. मग बघू कुठलं गाईड कामाला येतं. गावात शेती आहे आणि तलाव आहे. शेतीवर लिहिलं तर अर्ध्या वर्गाला फायदा होईल, म्हणून मी तलाव निवडला. त्या वेळी हा विचार मला फार न्यायाचा वाटला होता.

मी मूळची कोंढ्याची, धानवाल्यांच्या, म्हणजे भातशेती करणाऱ्यांच्या, घरातली. लग्न होऊन वरठीला आले. नवरा सकाळी मोटरसायकलने पोलादाच्या कारखान्यात जातो आणि मी स्कूटीने उलट दिशेला शाळेत जाते. वाटेत गावचा तलाव लागतो. श्रावण-भादव्यात तो काठोकाठ भरलेला असतो आणि छोट्या डोंग्यात बसलेले ढिवर मोहल्ल्यातले मच्छीमार लोक मधोमध काहीतरी करताना दिसतात. ते मी वर्षानुवर्षं बघत होते. तेवढ्या भांडवलावर मी इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या. पावसाळ्यात तलाव भरतो तेव्हा मच्छीमार पुष्कळ मासे पकडतात; उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे मिळत नाहीत, म्हणून मच्छीमार विश्रांती घेतात. खाली प्रश्न विचारले, त्यातला पहिलाच होता: मच्छीमार पुष्कळ मासे केव्हा पकडतात? दोन गुण. त्याखाली व्याकरणाच्या गाळलेल्या जागा आणि शेवटी पाच ओळींचं लेखन. पेपर इतका छान उतरला होता, की मी तो नवऱ्यालाही वाचून दाखवला. तो मोबाईल बघत 'हूं' म्हणाला.

या चाचणीला आमच्या शाळेत एक वजन आहे, आणि ते मीच लावून ठेवलंय. सातवीत जो इंग्रजीत पहिला येईल तो सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे, सगळ्या गावासमोर, माईकवर इंग्रजीतून वाचतो. आजवर तिथे धानवाल्यांची किंवा दुकानदारांची मुलं उभी राहिली होती. ढिवर मोहल्ल्यातलं कोणी त्या माईकपाशी पोचलं नव्हतं. त्या वर्षी तिथली एक मुलगी जिद्दीला पेटली होती. बडबडी, अंगाने काटकुळी, आणि प्रश्न विचारायला लागली की थांबायचं नाव नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बसून ती मोठ्याने इंग्रजी वाचते, हे मला तिच्या वर्गातल्या पोरींनी सांगितलं होतं. यंदा मीच वाचणार, असं तिने घरी सांगून ठेवलं होतं. तिच्या आईने ते मोहल्ल्यात सांगितलं होतं, आणि मासोळ्या विकायला जाते त्या बाजारातही सांगून झालं होतं.

पेपर तपासले तेव्हा एक मुलगा तिच्यापेक्षा एका गुणाने पुढे होता. तो धानवाल्यांचा, शहाणा, अक्षर मोत्यासारखं. तिचे दोन गुण गेले होते ते त्या पहिल्याच प्रश्नात. सगळ्या वर्गाने 'इन द रेनी सीझन' लिहिलं होतं. हिने लिहिलं होतं, 'इन समर. रेन टाइम वॉटर इज बिग, फिश इज स्मॉल. वी पुट बेबी फिश. समर वॉटर गो, फिश कम.' म्हणजे उन्हाळ्यात. पावसाळ्यात पाणी मोठं आणि मासे लहान असतात, तेव्हा आम्ही पिल्लं सोडतो. उन्हाळ्यात पाणी जातं आणि मासे येतात. मी त्यातल्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या आणि समासात शून्य दिलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पोरीने उतारा नीट वाचला नाही, त्याला मी काय करणार?

पेपर वाटले तेव्हा ती उभी राहिली. आपलं उत्तर चुकलं नाही म्हणाली. उताऱ्यात जे असेल तेच लिहायचं असतं, हे मी तिला समजावलं. त्यावर ती म्हणाली, की मग उतारा चुकला आहे. मला राग चटकन येतो, हे आमच्या घरी-दारी सगळ्यांना ठाऊक आहे. उतारा मी लिहिला आहे, असं म्हणून मी तिला खाली बसवलं. ती बसली, पण पेपर तिने दप्तरात ठेवला नाही. तास संपेपर्यंत तो बाकावर तसाच उघडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली. डोक्यावर रिकामी टोपली, बाजारातून परतताना तशीच शाळेत शिरलेली. मी मनात तयारी करून बसले होते. गुण वाढवून मागायला आलेल्या पालकांना काय सांगायचं ते मला पाठ आहे. पण बाईने गुणांचं नावही काढलं नाही. टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, आमी उनाळ्यात आराम करतो असं तुमी लिवलं म्हणते पोट्टी. खरं हाये का?"

मी हो म्हटलं. उतारा फक्त वाचनाच्या सरावासाठी असतो, असंही सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुमच्या कोंढ्याले रोवणी चालू असतानीच धान कापतेत का?"

आषाढात धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, रोवायचे आणि कार्तिकात धान कापायचं, हे आमच्याकडे रांगतं पोरही सांगेल. कोणी उलटं लिहिलं असतं तर माझ्या बापाने त्या मास्तराची गावभर टिंगल केली असती. माझे कान गरम झाले. शाळा सुटल्यावर मला तलावावर न्याल का, असं मी त्या बाईला विचारलं.

ती आली. पाळीवरून चालताना तिने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, अगदी पहिलीतल्या पोराला सांगावं तसं. बरसातीत डोंगे घेऊन जातात ते मासोळ्या धरायला नाही, बोटुकली सोडायला. बोटाएवढी पिल्लं असतात, म्हणून बोटुकली. तेव्हा जाळं टाकणं म्हणजे आपल्याच हाताने आपलं पीक उपटणं. थंडीभर थोडंथोडं धरायचं, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोठं जाळं ओढायचं. तेव्हा सगळा मोहल्ला पाण्यात असतो. पोरं आंघोळ विसरतात, बायांना जेवायला फुरसत नसते. मग तिने मासोळ्यांची नावं सांगितली. रोहू, कतला, मरळ, टेंगरा, बाम. बाम चिखलात कशी लपते ते हाताने करून दाखवलं, आणि मी इतकी हसले की पाळीवरून घसरतच होते. इतकी वर्षं तुम्ही इथून येजा करून राहिल्या आणि उन्हाळ्यात कधी पाहिलं नाही का, असं तिने विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते. आटलेला तलाव मी जन्मात पाहिला नव्हता.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्याला हसून हसून ठसका लागला. मे महिन्यात आपल्या घरी एवढी मासोळी कुठून येते असं तुला वाटत होतं, असं त्याने विचारलं. पेपर वाचून दाखवला तेव्हा का सांगितलं नाहीस, म्हणून मी त्याच्यावर उखडले. ऐकत होतो कुठे, म्हणाला.

तिला ते दोन गुण द्यावेत असं मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं, पण त्यांचं मत पक्कं होतं. ते सरळमार्गी गृहस्थ आहेत आणि त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. चाचणी वाचनाची आहे, तलावाची नाही. उतारा खोटा असला तरी उत्तर उताऱ्यातलंच पाहिजे. उद्या प्रत्येक जण आपापलं खरं लिहायला लागला तर तपासायचं कसं? आदल्या दिवसापर्यंत मीसुद्धा हेच बोलत होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना मी माझ्याशीच भांडत होते. शेवटी वर्गाला एकदा विचारून बघते, असं मी म्हणाले.

वर्गात जाऊन मी खुर्चीवर बसलेच नाही. उतारा फळ्यावर लिहिला आणि यात चूक आहे हे किती जणांना माहीत होतं ते विचारलं. एक हात वर आला, तिचा. मग धीर येऊन दोन-तीन आले. मग सगळेच. धानवाल्यांची मुलं, दुकानदाराची पोरगी, मागच्या बाकावरचे, ज्यांना इंग्रजीत स्वतःचं नाव लिहायला मिनिट लागतं तेसुद्धा. पहिला आलेला मुलगाही हात वर करून बसला होता. मग तू पावसाळा का लिहिलंस, असं मी त्याला विचारलं.

"मले मालूम होतं मॅडम," तो म्हणाला. "पण पेपरात तुमी लिवलं होतं, म्हणून तेच लिवलं."

किती साधेपणाने म्हणाला. त्याच्या मते यात विचित्र काहीच नव्हतं. मी वर्षभर गाईडच्या नावाने बोटं मोडत होते, आणि या वर्गाचं गाईड मीच होते. माझं खोटंही त्यांनी सुंदर अक्षरात परत केलं होतं. त्या ढिगातून एकाच पोरीने वाचलं होतं, समजून घेतलं होतं, आणि समजलं म्हणून ती उताऱ्याशी भांडली होती. तुटक्या का होईना, पण स्वतःच्या इंग्रजीत. मी नेमकं हेच मागत होते, आणि मिळालं तेव्हा त्याला शून्य दिलं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की मी वर्गातच हसायला लागले. मुलं आधी घाबरली, मग तीही हसली.

मी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले. त्या मुलाचा एकही गुण कापला नाही. व्याकरणाच्या लाल रेघा तिच्या पेपरवर तशाच ठेवल्या, कारण त्या बरोबर होत्या. शून्य तेवढं खोडलं आणि शेजारी सही केली. ती एका गुणाने पुढे गेली. मुलाने बेरीज दोनदा करून पाहिली, मग मान हलवली आणि तिला म्हणाला, आता माईकवर ततपप करू नको. मुख्याध्यापकांनी निकाल बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

सव्वीस जानेवारीला काय वाचायचं ते तिनेच ठरवलं. माझाच उतारा, पण दुरुस्त केलेला. आम्ही दोघी दोन आठवडे मधल्या सुट्टीत बसलो. व्याकरण मी सांगायची, तलाव ती सांगायची. कागदावर माझी एकही ओळ जशीच्या तशी उरली नाही.

ढिवर मोहल्ल्यातले लोक दरवर्षी फाटकाजवळ उभे असतात आणि झेंड्याला सलामी झाली की कामाला निघून जातात. त्या दिवशी ते सतरंजीवर पुढेच येऊन बसले होते. मुलगी माईकपाशी गेली. पहिल्या दोन ओळींना आवाज कापला. इंग्रजी होतं, त्यामुळे सगळे आदराने गप्प बसले होते. मग मासोळ्यांची नावं आली. रोहू, कतला, मरळ, टेंगरा, बाम. ती काही इंग्रजीत होत नाहीत, तशीच म्हणावी लागतात. पुढच्या रांगांमध्ये हालचाल झाली. एक म्हातारा शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, की समजून राहिलं. त्यानंतर ती नुसती सुसाट निघाली.

कागद संपला. मी टाळ्यांसाठी हात उचलले, पण ती हटली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागदात नसलेलं बोलली. "माय मॅडम डिड नॉट नो. नाउ शी नोज."

मुलं फिस्सकन हसली. मुख्याध्यापक आभाळाकडे बघायला लागले. मोठ्या माणसांना काही कळलं नाही, आणि तिची आई सतरंजीवरूनच मोठ्याने म्हणाली, "मॅडम, काय म्हणली ते?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. काहीही सांगितलं असतं तर खपलं असतं. सर्वांचे आभार मानले म्हटलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. पण समोर सातवीचा वर्ग बसला होता, आणि त्यांना इंग्रजी समजत होतं.

मी माईक हातात घेतला आणि सांगितलं, "आमच्या मॅडमले माहीत नव्हतं, म्हणते. आता माहीत हाये."

आईने क्षणभर विचार केला. मग मान हलवली आणि म्हणाली, "बराबर हाये," आणि सगळ्यांत आधी टाळी तिनेच वाजवली.