समोर घर असलेला उतार

राजूरजवळ माझ्या जुन्या पिकअपचं ब्रेकचं पेडल पार तळाला जायला लागलं. गाडीत टोमॅटो, पुढे घाट. तिथल्या मेकॅनिकनं मला पेडल दाबायला बसवलं आणि स्वतः चाकाशी आडवा पडून ओरडू लागला, “दाबा! धरा! सोडा!” ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा फुसफुसत निघाली की गडी खुशीत हसायचा.

मग त्यानं मला शेजारी घेऊन गाडी चढावर नेली आणि उतारावरून थेट स्वतःच्या घराकडे सोडली. ओट्यावर त्याची बायको शेंगा सोलत होती.

“अहो, दुसरीकडं बघा की ब्रेक!” मी किंचाळलो.

“समोर आपलं मानूस असलं की काम चोख हुतं!”

गाडी ओट्याच्या हातभर अलीकडे थांबली. बायकोनं मान वरसुद्धा केली नाही.

घाट मी निर्धास्त उतरलो.