आधारपेशी आणि पांढरा रस्सा

आमच्या प्रयोगशाळेत किस्से बुरशीसारखे वाढतात. कुणी पेरत नाही. रविवारी सुट्टी घेतली की सोमवारी हजर! मी इथलं काचसामान आणि रसायनं सांभाळतो, त्यामुळे बहुतेक सगळं माझ्यासमोरच घडतं.

त्यातले बरेचसे किस्से सुजाताचे. कोडोलीची पोरगी, मेंदूवर पीएचडी करत होती. मेंदूत संदेश नेणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी. या आधारपेशी नुसत्या सांभाळत नाहीत, स्वतः रसायनं सोडून चेतापेशींना ‘चल’, ‘थांब’ असं सांगतात, हे तिला सिद्ध करायचं होतं.

•

पहिल्या वर्षी तिच्या चेतापेशी ढिम्म. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, “आधारपेशी कुठायत?”

“धुऊन काढल्या. कचरा वाटला.”

“अगं, तालमीतनं वस्ताद हाकललास आणि म्हणतेस पैलवान लढत नाही!”

•

मोजणीचं यंत्र हलू नये म्हणून जाड लोखंडी प्लेट हवी होती. आम्ही दोघं शिरोलीच्या एका फौंड्रीत गेलो. मालक म्हणाला, “काय ठेवणार हिच्यावर?”

“पेशी. डोळ्यांना दिसत नाही एवढी बारीक,” सुजाता म्हणाली.

“मग एवढी जाड प्लेट कशाला? पळून जाती का काय ती?”

•

तिनं वडिलांना समजावलं, “तात्या, मिरवतात चेतापेशी, पण त्यांना चालवतात बाजूच्या पेशी.”

तात्या मिशीवर हात फिरवत म्हणाले, “छट्! बाजूला बसून कोण कुणाला चालवतंय?”

चुलीपाशी काकू, म्हणजे सुजाताच्या आई, नुसत्या खाकरल्या. तात्या मुकाट्यानं म्हशीची धार काढायला उठले!

•

मग तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे. आधारपेशी ज्या द्रवात ठेवल्या होत्या, तेवढाच द्रव गाळून सुजातानं चेतापेशींवर घातला होता, आणि त्या जाग्या झाल्या होत्या. सर काही मानेनात.

“पेशी गाळून काढल्यात ना? मग उरलं नुसतं पाणी! त्यात पेशींचं काय असणार?”

अहवालावर सही न करताच ते जेवायला उठले. सुजाताचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांची मेहनत त्या एका सहीवर अडली होती.

तात्यांनी घरून पांढरा रस्सा आणला होता. त्यांनी डाव भरून पुढं केला.

“मी शाकाहारी आहे,” सर म्हणाले.

“मग काय झालं? नुसता रस्सा हाय की, पावणं! मटण गाळून काढलंय. एक फोड घावायची न्हाय!”

सरांनी घाईनं वाटीवर हात ठेवला. “अहो, असं कसं? फोडी काढल्या म्हणून काय झालं? त्यांचं सगळं त्या पाण्यात उतरलेलं असतं!”

मॅडमचा घास हातातच राहिला.

सुजातानं सरांपुढं दहीभात ठेवला. शेजारी अहवाल. त्यावर पेन.