गाऱ्हाण्याची फाइल

देवबागात बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो, हे आमच्या वाडीत अजून कोणाला धड पटलेलं नाही. शेजारच्या काकांच्या दोन होड्या आहेत, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला जातात. ते मला दर आठ दिवसांनी कुंपणावरून विचारतात, "दिसभर त्या लॅपटॉपाकडे बघान तू करतस तरी काय रे?" मी सांगतो, काका, लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरांना विनंत्या धाडतो. ही फाइल ठेव, ती दे, ती पुसून टाक. यावर एकदा ते म्हणाले, "म्हणजे गाऱ्हाणीच घालतस मरे!" आणि हसत हसत किनाऱ्याकडे गेले.

मला राग आला, कारण ते बरोबर बोलले होते. क्लाउडला पाठवायची रिक्वेस्ट आम्ही एका दमात लिहितो. एक शब्द, मग टिंब, मग पुढचा शब्द. कोणत्या बकेटमधून, म्हणजे तिथल्या कोणत्या कप्प्यातून, टिंब, कोणती फाइल, टिंब, किती दिवसांसाठी, टिंब, किती घाईने. शेवटी लिहायचं बिल्ड, की झाली रिक्वेस्ट तयार. आमच्या धंद्यात याला फ्लुएंट बिल्डर म्हणतात. पुण्यात पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा सगळे वहीत उतरवून घेत होते आणि मी मनात म्हणत होतो, अरे, हे तर आमच्या बाबांचं!

वाडीच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा राखण द्यायची, नारळ नि कोंबा, म्हणजे कोंबडा, ठेवायचा, आणि सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाकडे मागणं मागायचं, हा मान आमच्या घराकडे. बाबा दगडासमोर उभे राहून सुरू करायचे. "बा देवा म्हाराजा, आज ही जी काय राखण तुझ्या पायाशी ठेवली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!" मागे उभी असलेली वाडी एका आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" मग पुढचं. दर्यात गेलेल्यांका सांभाळ. व्हय म्हाराजा. मुंबैक गेलेल्यांची याद ठेव. व्हय म्हाराजा. प्रत्येक वाक्याला बाबा थांबत, होकार आला की पुढे जात. होकार मिळमिळीत आला तर मागे वळून डोळे वटारत.

आता घरात मी एकटा. आई मी कॉलेजात असतानाच गेली, बहीण डोंबिवलीला, आणि माझं लग्न हा विषय वाडीनेसुद्धा सोडून दिलाय. गेल्या पावसात बाबा गेले, त्यानंतर दिवसाकाठी माझ्याशी बोलणारं कोण, तर सर्व्हर. माशांची गाडी आली की मी मुद्दाम भावावरून वाद घालतो, तेवढंच पाच मिनिटं माणसाशी बोलणं होतं. एकटेपणाला लोक शांतता म्हणतात आणि त्यासाठी आमच्या गावात खोल्या घेऊन राहतात. राहा म्हणावं एक पावसाळा.

यंदाची राखण रविवारी होती आणि गाऱ्हाणं मला घालायचं होतं. मला ते पाठ नव्हतं. पण घोर नव्हता, कारण बाबांचा आवाज माझ्याकडे होता. गेल्या वर्षी राखणीच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना पडवीत बसवून अख्खं गाऱ्हाणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, अकरा मिनिटं. तो फोन पुढे होडीतून उतरताना खाडीत पडला तेव्हा काका हळहळले आणि मी ऐटीत म्हणालो, काळजी नको, सगळं क्लाउडवर आहे. बाबांच्या आवाजाची तेवढी एकच गोष्ट जगात शिल्लक होती. बाबा गेल्यावर ती ऐकायची माझी छाती झाली नव्हती.

ती फाइल मी माळ्यावर टाकल्यासारखी ठेवली होती. क्लाउडवरही असा माळा असतो. तिथली वस्तू लगेच हाती येत नाही, आधी रिक्वेस्ट पाठवायची, मग काही तासांनी ती खाली येते. गुरुवारी सकाळी चहा पिता पिता मी रिक्वेस्ट लिहिली. बकेट, टिंब, फाइल, टिंब, सात दिवस, टिंब, बिल्ड. प्रोग्राम चालवला, स्क्रीनवर रिक्वेस्ट जशीच्या तशी छापून आली. एकही चूक नव्हती. मी लॅपटॉप मिटला आणि राखणीचा कोंबा सांगून ठेवायला गेलो.

संध्याकाळी बघितलं, फाइल खाली आलेली नव्हती. म्हटलं, येईल. शुक्रवारी सकाळी नाही, दुपारी नाही. शिरां पडो ह्यांच्या तोंडार! माझा पारा चढला की मी फार चांगलं इंग्रजी लिहितो. त्या क्लाउडवाल्यांच्या मदतकेंद्राला मी लांबलचक पत्र लिहिलं, तुमची सेवा किती रडतखडत चालते, वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला तुम्ही दोन दिवस ताटकळत ठेवता, वगैरे. पाठवून दिल्यावर जरा बरं वाटलं.

शनिवारी सकाळी उत्तर आलं, अगदी नम्र. आमच्याकडे आपली अशी कोणतीही रिक्वेस्ट आलेली नाही.

मी प्रोग्राम उघडला. रिक्वेस्ट बांधली होती. छापून बघितली होती. पाठवायची ओळच लिहिली नव्हती! कंपनीतल्या नव्या पोरांना मी स्वतः शिकवतो की बिल्ड म्हणजे नुसतं तयार करणं, बिल्ड झाल्यावर ती क्लायंट नावाच्या निरोप्याच्या हाती द्यावी लागते तेव्हाच ती जाते. सगळ्या नवशिक्यांना एकदा तरी होतं हे, आणि मी त्यांना हसतो. लाज वाटली, पण हसूही आलं. पाठवायची ओळ घातली आणि एंटर मारला. पाव सेकंदात उत्तर आलं. अशी फाइल इथे नाही.

नाव तपासलं, परत पाठवली. नाही. तिसऱ्यांदा पाठवली, तेच उत्तर. मग आठवलं. ती बकेट माझ्या सरावाची होती, आणि तिला नियम मीच लावला होता, याच बिल्डरने, टिंब देऊन देऊन. जे वर्षापूर्वीचं असेल ते पुसून टाक. शुक्रवारी त्या फाइलीला वर्ष झालं होतं. नियमाने आपलं काम चोख केलं. गुरुवारची रिक्वेस्ट गेली असती तर संध्याकाळी फाइल माझ्या लॅपटॉपवर असती. मी शुक्रवारी पत्र लिहीत बसलो होतो.

बहिणीला फोन लावला. म्हटलं, बाबांचं गाऱ्हाणं तुला पाठवलेलं, तुझ्याकडे आहे ना गो? ती म्हणाली, "तू धाडतंय म्हणान सांगलेलंस. माका खंय धाडलंस?" ती रडायला लागली तेव्हा मी फोन ठेवला, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं. मग एकट्याने पडवीत बसून रडलो, वाट्टेल तसा.

रविवारी दुपारी नारळ, कोंबा घेऊन सुरूच्या बनापाशी दगडाकडे गेलो. वाडीतले निम्मे मुंबईला, उरलेल्यांच्या दारात पर्यटक. काका होडी ढकलता ढकलता ओरडले, "तू सुरू कर रे, ह्यो ट्रिप मारून इलंय!" कोंबा तंगडी बांधून वाळूत पडला होता आणि माझ्याकडे बघत होता. अर्धा तास वाट बघितली. कोणी आलं नाही. मग मी सुरू केलं, जसं आठवलं तसं. "बा देवा म्हाराजा, ही राखण गोड मानून घे रे म्हाराजा!"

आणि थांबलो. ते थांबणं अंगातच भिनलंय, वाक्य संपलं की होकाराला जागा सोडायची. मागे कोणी नव्हतं. तोंड उघडं ठेवून मी तसाच उभा राहिलो, आणि पुढचं वाक्य काही केल्या निघेना. होकाराशिवाय गाऱ्हाणं किती जड जातं हे मला तेव्हा कळलं.

कारण गेल्या वर्षी पडवीत बाबा असेच थांबले होते. पहिल्या वाक्यानंतर माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी ओठांवर बोट ठेवलं, आवाज मध्ये येईल म्हणून, रेकॉर्डिंग स्वच्छ हवं म्हणून. त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं, पुन्हा थांबले, पुन्हा बघितलं. तिसऱ्यालाही. शेवटपर्यंत. संपल्यावर टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "तू एकदाय व्हय म्हणूक नाय रे." मी म्हणालो, थांबा बाबा, सेव्ह होतंय.

अकरा मिनिटं ते एकटे बोलत होते, आणि मी हाताच्या अंतरावर बसलो होतो.