फोटोतली मागची इमारत

प्रेसमध्ये माझ्या पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीची प्रुफं तपासत बसलो होतो, तेव्हा यल्लाप्पा मिस्त्रींच्या मुलाचा फोन आला. "सर, आबा गेलं… सकाळी च्या घेतला आनि आडवं झालं, ते उठलंच न्हाईत." माझ्यासमोरच्या पानावर मिस्त्रींनीच काढलेला रंकाळा तलावातल्या जुन्या दगडी संध्यामठाचा फोटो होता. मठामागं फ्लॅटची सहा मजली इमारत, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांसकट सबंध. हे पान छापून त्यांना दाखवायचं म्हणून मी प्रेसवाल्याच्या मागं हात धुऊन लागलो होतो. चारच दिवस कमी पडले. आज दीड महिना झाला तरी त्या चार दिवसांचा राग जात नाही. आधी तो प्रेसवाल्यावर काढला, पण खरा राग माझा माझ्यावरच आहे.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी हौशी मंडळींना घेऊन कोल्हापूरच्या जुन्या वास्तू दाखवत हिंडतो. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरलं की संध्यामठ पायापर्यंत उघडा होतो. अशाच एका रविवारी काठावर उभा राहून मी तावातावानं बोलत होतो, की या सिमेंटच्या खोक्यांनी आपल्या शहराचं तोंड विद्रूप केलंय वगैरे. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ पावणं, जरा बाजूला सरका की. फोटूत येताय." वळून बघितलं तर साठी ओलांडलेला, रुंद पंजांचा माणूस. पुढ्यात तिपाईवर कॅमेरा आणि हातात चक्क गवंड्याचा ओळंबा! एक डोळा मिटून तो ओळंब्याची दोरी समोरच्या भिंतींशी जुळवत होता आणि कॅमेरा केसभर इकडं, केसभर तिकडं करत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "थोडं डावीकडं व्हा, म्हणजे मागची ती बिल्डिंग येणार नाही."

"यिऊ दे की," तो म्हणाला, "ती काय चोरून आल्या व्हय?"

अशी आमची ओळख झाली. मिस्त्री मूळचे नेसरीकडचे. तरुणपणी सेंट्रिंगच्या कामावर मजुरीला आले, हळूहळू मिस्त्री झाले आणि कळंब्याला दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. गुडघे गेल्यावर काम सुटलं, तेव्हा मुलानं जुना कॅमेरा घेऊन दिला. पुढं दर रविवारी ते माझ्याबरोबर यायला लागले. टाऊन हॉल, बिंदू चौकाचा बुरूज, घाटी दरवाजा… मी सनावळ्या सांगायचो आणि ते दगडावर हात फिरवायचे. एकदा टाकीचे घाव बघून म्हणाले, "ह्यो घडवणारा डावखुरा हुता." इतकी वर्षं मी तो दगड दाखवत होतो, पण तो घडवणाऱ्याला हात होते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर आम्ही मिसळ खायचो आणि भांडायचो. भांडण एकच. त्यांच्या प्रत्येक फोटोत जुन्या वास्तूबरोबर कुठली तरी नवी इमारत असायचीच. मला वाटायचं, हात चांगला आहे, पण बिचाऱ्याला नजर नाही.

मग मी पुस्तिका काढली. मजकूर माझा, फोटो त्यांचे. आणि त्यांना न विचारता मी प्रत्येक फोटो कडेनं कापला. नव्या इमारती सगळ्या गेल्या, बुरूज आणि कमानी तेवढ्या राहिल्या. आत ठळक अक्षरात 'छायाचित्रे : यल्लाप्पा मिस्त्री' असं छापलं आणि आपण केवढा मोठेपणा दाखवला म्हणून स्वतःवरच खूश झालो. पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक पान उलटलं, पुस्तिका मिटली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"फोटू कुनीबी काढंल, सर. मठामागची ती बिल्डिंग मी बांधलीया. टाऊन हॉलच्या मागची बी. चौकातली बी. सगळ्याच कापून टाकलासा."

मी म्हटलं, "अहो, कधी बोलला नाहीत!"

"तुमी कवा इच्यारलासा?"

त्यानंतर आठ महिने ते आले नाहीत. मी रविवारी नेहमीप्रमाणे बोलायचो, पण संध्यामठाजवळ आलो की जीभ अडखळायची. समोरच्या इमारतीला शिव्या देणं जमेना. शेवटी एक दिवस कळंब्याला गेलो आणि दारातच म्हणालो, "मिस्त्री, चुकलो." त्यांनी आत बसवलं. त्यांच्या बायकोनं, आक्काताई वहिनींनी, चहा दिला. चहा संपल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "सर, संध्यामठ बांधणाऱ्याचं नाव काय वो?"

"माहीत नाही. कुठं लिहिलेलं सापडत नाही."

"बगा. तवाबी कुनी लिवलं न्हाय. परत छापशीला तवा फोटू सबंध छापा, आनि नाव लिवा. न्हाईतर पुढं तुमच्यासारका एकादा मास्तर बसंल डोकं खाजवत."

ते हसले आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या रविवारपासून ते परत आले, गुडघ्याला पट्टा बांधून. नवी आवृत्ती करायचं ठरलं. फोटो न कापता आणि प्रत्येकाखाली दोन ओळी : एक जुन्या वास्तूची, एक नवीची. ती आवृत्ती त्यांना बघायला मिळाली नाही, हे मला कायम सलत राहील.

पुस्तिका तयार झाल्यावर पहिली प्रत घेऊन मी कळंब्याला गेलो. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी संध्यामठाचं पान उघडलं आणि मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बोट ठेवलं. "हितवर घमेली मी वाहिल्यात. प्वारगं खाली झोळीत. मी वर आले की रडायला लागायचं, खाली गेले की गप." मग पान माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "काय लिवलंय, वाचा की."

मी वाचलं, "मागील इमारत : बांधकाम, यल्लाप्पा मिस्त्री."

"आनि?"

"आणि… एवढंच."

"त्येनी काय एकट्यानं बांधली व्हय?"

सत्तरी जवळ आली तरी माणूस तीच चूक पुन्हा करतो. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं, कारण मिस्त्री असते तर त्यांनी माझी फजिती बघून मांडीवर थाप मारली असती. मी खिशातून पेन काढलं. त्या ओळीपुढं 'आणि आक्काताई' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मुलाला हाक मारून कागद आणायला लावला आणि कामावरच्या आणखी चार बायकांची नावं आठवून आठवून सांगितली.

छापलेले गठ्ठे आता माझ्या घरी आहेत. रोज सकाळी चहा झाला की मी वीस प्रती पुढं घेतो आणि पाचही नावं हातानं लिहितो. जागा कमी आहे, अक्षर बारीक काढावं लागतं. ती लिहिल्याशिवाय एकही प्रत घराबाहेर जात नाही.