भिंतीपलीकडची तालीम

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. नाव पडलं तेव्हा ती पोरसवदा होती. पुढे केस पिकायला लागले तरी नाव तेच राहिलं.

पदार्थविज्ञानाची पदवी घेतली तेव्हा पुढे शिकायचं तिचं पक्कं होतं. पण त्याच वर्षी वडील गेले. भाऊ अजून शाळेत, आणि कारखान्यात जागा रिकामी होती. "वर्षभर करते, मग बघू," म्हणून ती तिथे चिकटली ती चिकटलीच. भाऊ मोठा झाला, बसवर ड्रायव्हर म्हणून लागला, लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आता तरी शिकावं असं तिच्या मनात आलं, तर आई न्हाणीघरात घसरून पडली. खुबा मोडला, तो धड सांधला नाही. डोळ्यांचा पडदा तर आधीच सुकत चालला होता. पुढे पुढे तिला नुसता उजेड आणि अंधार कळायचा. गावभर लोक लेकीने घासलेल्या काचांतून बघत होते, पण आईच्या डोळ्यांना लागेल असा नंबरच नव्हता.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आईची खाट, मागच्या खोलीत भिंगताई, मध्ये एका विटेची भिंत. मागच्या खोलीला अंगणाकडून वेगळं दार होतं. आईने सारा जन्म शाळेत शिपाई म्हणून काढलेला, घंटा द्यायचं काम तिच्याकडे असे. त्यामुळे ओरडून हाक मारणं तिला आवडायचं नाही. ती उशाची वाटी उचलून भिंतीवर ठोकायची. पलीकडून भिंगताईने बोटाच्या पेराने एक ठोका दिला तर 'थांब', दोन दिले तर 'आले'. पुष्कळदा आईला काही नकोच असायचं. पलीकडून ठोका आला की ती वाटी खाली ठेवून द्यायची.

पुन्हा शिकायचं काढलं ते कारखान्याच्या मालकांनी. "भिंगताई, काचा घासता घासता तुमचीच झीज व्हायची. अर्ज तरी करून बघा." तिने प्रकाशशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला, आणि दूरच्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. निवडीच्या आधी दोन दिवस येऊन राहा, प्रयोगशाळा बघा, प्राध्यापकांशी बोला, आम्हीही तुम्हाला बघतो, असा एकंदर मजकूर होता.

तयारी सुरू झाली. मालक जेवणाच्या सुट्टीत प्राध्यापक होऊन बसायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून विचारायचे, "बाई, इतकी वर्षं काय करत होतात?"

"काचा घासत होते."

"अहो, असं सांगतात का? 'प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेत होते.' म्हणा बघू."

भिंगताई म्हणायची, पण तिला हसू आवरायचं नाही.

खरा प्रश्न आईचा होता. भाऊ म्हणाला, "मी रजा टाकतो. एवढी मोठी बस सांभाळतो, आईला नाही सांभाळणार?"

आई खाटेवरून म्हणाली, "बसला हॉर्न असतो रे. मला कुठाय?"

"तुला वाटी आहे की."

"वाटी तुझ्यासाठी नाही ती."

भावाने बाहेर येऊन बहिणीला हळूच सांगितलं, "ताई, आधी रंगीत तालीम करू. एक दिवस तू मागच्या खोलीत बस. आईला सांगू, तू विद्यापीठात कागदपत्रं दाखवायला गेलीस. माझं काही अडलं तर तू आहेसच."

"आईशी खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं? तालीम ती."

तिला ते रुचलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. एका सकाळी तिने प्रवासाचे बूट घातले, पिशवी खांद्याला लावली, "येते गं आई," म्हणाली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. घराला वळसा घालून, बूट हातात घेऊन, अंगणातल्या दाराने मागच्या खोलीत येऊन बसली. आपल्याच घरात चोरासारखं बसताना तिला कसंनुसं झालं.

पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"अरे, केवढं गरम दूध! जीभ भाजतोस का माझी?"

"फुंकून देतो."

"ताई कोमट करून आणते."

"मग ताईलाच दोनदा जन्माला घालायचं होतंस."

भिंगताईने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. हसता हसता तिला हायसंही वाटलं. भाऊ निभावून नेईल.

दुपारी घर शांत झालं. ज्या प्राध्यापिकेला भेटायचं होतं तिचा लेख काढून ती वाचायला लागली. आधी अक्षरं नुसती डोळ्यांवरून जात होती. मग एका जागी काहीतरी उलगडलं आणि ती त्यात बुडाली. इतकी की आपण कुठे बसलो आहोत याचंही भान राहिलं नाही. तेवढ्यात भिंतीवर वाटी वाजली. लेखावरची नजर न काढता तिने पेराने दोन ठोके दिले.

दिले, आणि मग तिला कळलं.

ती श्वास धरून बसली. पलीकडे काही हललं नाही. आईने पुन्हा वाटी वाजवली नाही, भावालाही हाक मारली नाही. झोपेत ठोकलं असेल, ऐकलं नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

संध्याकाळी ती वळसा घालून पुढच्या दाराने आली. "आले गं आई."

"आलीस? कसं आहे विद्यापीठ?"

"मोठं आहे."

"झाडं आहेत?"

"आहेत."

"माणसं नीट बोलली?"

"बोलली."

"बरं," आई म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढच्या आठवड्यात भिंगताई खरोखरच गेली. विद्यापीठ मोठं होतं, झाडंही होती. वाट दाखवणाऱ्या एका मुलीने तिला आदराने विचारलं, "काकू, तुमची मुलगी कुठल्या विभागात येतेय?" तिने "मीच येतेय," म्हटल्यावर ती पोरगी इतकी ओशाळली की भिंगताईलाच तिची समजूत काढावी लागली. प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत एका टेबलावर भिंगांतून वळत जाणारा लाल किरण बघताना मात्र ती सगळं विसरली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापिकेच्या दाराबाहेर बाकावर ती आपली पाळी येण्याची वाट बघत होती, तेव्हा भावाचा फोन आला.

"ताई, आई सकाळपासून वाटी वाजवतेय. थांबतच नाही. म्हणते, तू मागे बसली आहेस आणि मुद्दाम उत्तर देत नाहीस. रुसली आहेस म्हणते."

भिंगताई म्हणाली, "मागे जाऊन दोन ठोके दे."

"दिले. म्हणाली, सारा जन्म घंटा वाजवली मी, ठोका कुणाच्या हातचा ते मला नको शिकवूस."

"फोन तिच्या कानाला लाव." मग ती म्हणाली, "आई, मी मागच्या खोलीत नाही गं. खरंच विद्यापीठात आले आहे."

आईचा आवाज अगदी साधा होता. "मागच्या वेळीही असंच म्हणाली होतीस."



"मला काही नकोय," आई पुढे म्हणाली. "पाणीबिणी काही नको. आहेस का, एवढंच विचारत होते. एकदा वाजव ना."

तिचं मधलं बोट आपोआप वाकलं. बाकाचं लाकूड जवळच होतं. पण फोनमधून आलेला ठोका भिंतीतून थोडाच आला असता? तेवढ्यात दार उघडून प्राध्यापिकेने तिला आत बोलावलं.

आत पहिलाच प्रश्न मालकांनी विचारलेला निघाला. इतकी वर्षं काय करत होतात? पाठ केलेलं उत्तर कुठल्या कुठे गेलं. "काचा घासत होते," ती म्हणाली. "आणि आईला सांभाळत होते." पुढे तिने काय सांगितलं, ते तिला परतीच्या वाटेवर आठवलंही नाही.

घरी पोचल्यावर ती आधी आईजवळ गेली. आईने तिची बाही चाचपली, नाकाशी नेली. "बसचा वास येतोय. म्हणजे गेली होतीस."

"हो."

"मग मी उगाच भिंत बडवली."

त्यानंतर आईने वाटी वाजवली नाही. तहान लागली तरी लेक येईपर्यंत पडून राहायची. भिंगताई म्हणायची, "वाजवायचं ना गं." एकदा आई म्हणाली, "तू पलीकडे आहेस की नाहीस, ते आता त्यावरून कळत नाही मला." आवाजात राग नव्हता. बंद पडलेल्या घड्याळाबद्दल बोलावं तसं ती बोलली.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा मालकांनी कारखाना डोक्यावर घेतला. भाऊ आणि वहिनी इकडे राहायला यायला तयार झाले. भिंगताई आईच्या पायाशी बसून म्हणाली, "नाही म्हण. नाही म्हणालीस तर नाही जाणार."

"मी नाही म्हणावं म्हणून विचारतेस होय?" आई म्हणाली. "जा. पण जाशील तेव्हा पुरती जा."

निघायच्या सकाळी पिशवी बांधून झाल्यावर ती मागच्या खोलीत भिंतीपाशी उभी राहिली. पलीकडे आई जागी होती. दोन ठोके देता येत नव्हते, तो खोटेपणा झाला असता. एक देता आला असता. पण त्या वयाच्या बाईला 'थांब' म्हणायचा तिला धीर झाला नाही. वर नेलेला हात तिने खाली घेतला.

पुढच्या खोलीत आईने तिचा हात क्षणभर धरला आणि सोडून दिला. "दार नीट ओढून घे," म्हणाली, "वाजलेलं मला ऐकू आलं पाहिजे."

भिंगताईने दार जोरात ओढलं, आणि घराला वळसा न घालता सरळ रस्त्याला लागली.